तीळ

साकोलीला नाटकाच्या पडद्यावर महाल रंगवीत होतो,
तिथं निरोप आला ग्रामपंचायतीचा:
तलावाची शंभरी आहे,
मालगुजाराचा फोटो उजळून दे.

फोटो नव्हता तो. तैलचित्र होतं,
दाराएवढं, धुरानं काळवंडलेलं,
खाली पंचायतीची तिजोरी, मागे पालीचं बिऱ्हाड.

पुस्तोडे मास्तर आधीच येऊन बसलेले.
पोस्टातून निवृत्त, काखेत सामुद्रिकाची पोथी,
पोथीला सायकलच्या ट्यूबचं रबर.
चाळीस वर्षं त्यांनी गावाला हे तोंड वाचून दाखवलं:
कपाळ रुंद, तीन रेषा अखंड, म्हणजे पाणी देणारा पुरुष.
भुवया जुळल्या नाहीत, मनात गाठ नाही.
कानाची पाळी लोंबती, आयुष्य मोठं.
(गेला एक्केचाळिसाव्या वर्षी.
मास्तर म्हणतात, पाळी चिताऱ्यानं लांबवली असंल.)
आणि नाकाच्या उजव्या बाजूचा तीळ.
"हा नसता त तलाव नसता," मास्तर म्हणाले,
"लिहून ठेव."

सोयरीक जुळवताना लोक
पोराचा फोटो इथं आणून
या तोंडाशेजारी धरून पाहायचे.
धानाच्या सोसायटीचा सचिव तर म्हणे
याच नाकावर निवडून आला.

मी खिडकी उघडली.
कापूस, कोमट पाणी, थोडं जवसाचं तेल.
आधी पागोटं निघालं, मला वाटलं तपकिरी असेल,
ते निघालं पळसाच्या फुलासारखं.
मग कपाळ. रेषा तीनच्या दोन झाल्या,
एक काजळीची होती. मास्तर काही बोलले नाहीत.
मग मी नाकाजवळ आलो
आणि तीळ निघाला.

निघाला म्हणजे बोळ्याला लागला,
बारीक, करडा,
कुठल्याशा उन्हाळ्यात माशीनं टाकलेला.

मास्तर चष्मा पुसत राहिले.
चष्मा स्वच्छच होता.

भागरताबाई वलथरे झाडू घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली,
"मालगुजार कायले बसते एवढा वेळ? त्याले दम्याचा तरास.
माह्या आजसासऱ्याले बसवलन पागोटं घालून.
तेरा दिवस. चार आणे रोजी,
अन् हालला का शिवी."
म्हणाली आणि व्हरांडा झाडायला गेली,
जसं काही बाजारभाव सांगितला.

खरं-खोटं मला ठाऊक नाही.
ढिवरांच्या घरी गोष्टी मुरतात, कागद नसतो.
पण मी तोंड सोडून खाली पाहिलं.
हात कुणी कधी पाहिलेच नव्हते,
पोथीत हातांचा अध्याय पुढे आहे,
मास्तर चेहऱ्यातून बाहेर पडलेच नाहीत.
उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, मधल्या पेराला,
एक खाच.
जाळ्याची दोरी वर्षानुवर्षं ओढून पडते तशी.
वर उजेडाचा एक फटकारा, खाली सावलीचा,
दोनच. ज्यानं काढली त्यानं ती पाहिली होती.
किंवा रंग तडकला असेल. शंभर वर्षांचा रंग तडकतो.

"तीळ परत काढ," मास्तर म्हणाले.
"मास्तर, तो तर..."
"मले माहीत हाय तो काय होता. परवा कलेक्टर येते.
लोक पायतीन."
मग माझ्याकडे वळले, नेहमीच्या नजरेनं, हनुवटीपासून वर:
"तुह्या हनुवटीत खळगा हाय.
असा मानूस नाही म्हनत नाही."

नाही म्हणालो नाही.
सर्वांत बारीक ब्रश, गडद तपकिरी, एक ठिपका.
जागा शोधावी लागली नाही,
माशीनं कडा ठेवली होती.

चेहरा एकदाच पुसला मी.
हात दोनदा.

सचिवानं पावती फाडली: फोटो सफाई, एक नग.
तिळाचे मी वेगळे लावले नाहीत.